फोरमच्या घरचं जेवण

आसिलकानला वीट लावता येत नाही. हे आधी सांगतो, कारण आमच्या नारीन गावच्या बाजारात तिला आता चूलवाली म्हणतात. ती लोकरीचे मोजे विकते.

एका हिवाळ्यात तिच्या घरातली, खोली तापवणारी विटांची चूल धूर मागे फेकू लागली. आमच्याकडे कोळसा जाळतात. धूर घरात कोंडला तर माणूस झोपेतच जातो. तिने चूल बांधणाऱ्यांच्या फोरमवर प्रश्न टाकला. इंटरनेटवरचा हा आमचा कट्टा बिश्केकच्या ताबिल्दीने सुरू केलेला. चुली बांधून गुडघे गेल्यावर मीही तिथे लिहायला लागलो होतो. मी तिला लिहिलं, आधी झडपेमागची राख काढ. तिने काढली, फोटो टाकला आणि विचारलं, "आणखी काय?" बहुतेक लोक आभार मानतात आणि राख तशीच ठेवतात.

ती तिथेच रमली. कुणी काही विचारलं की जुनं उत्तर शोधून द्यायची.

मग ताबिल्दी कामासाठी कोरियाला निघाला. सर्व्हरचं भाडं वसंतापर्यंत भरलंय, पुढे मी नाही, असं लिहून गेला. त्याच सुमाराला, आमची चित्रं जिथे फुकट ठेवलेली होती ती साइट बंद होणार अशी सूचना आली. चित्रांत चूल विटांच्या थराथराने काढलेली असते. चित्र गेलं की खाली उरतं, "असं लावा."

हिवाळाभर आसिलकान दुकानात बसून चित्रं उतरवत होती. प्रत्येक चित्र ज्या मजकुरातलं, त्यातच परत बसवायचं. बोटं गारठली की विकायचेच मोजे हातात चढवायची.

राहिलं भाडं. चूलवाल्यांची कमाई शरदात. वसंतात सगळ्यांचे खिसे रिकामे. बाजारात तिच्या ओळीतल्या बायकांची शेरिने होती: दर महिन्याला एकीच्या घरी जेवण, सगळ्यांची वर्गणी, आणि जमलेली रक्कम त्या घराची. त्यात फोरमचाही वाटा ठेवा, त्याची वर्गणी आम्ही फोरमची माणसं आळीपाळीने भरू, असं आसिलकानने सुचवलं.

टोप्या विकणारी कुलीपा म्हणाली, "त्याच्या घरी जेवायला कुठे जायचं गं? तारेवर बसून?"

"माझ्या अंगणात."

"रांधणार कोण?"

"त्याची माणसं."

"चूलवाले? जन्मभर लोकांच्या घरी जेवले ते. कांदा कापता येतो का विचार आधी."

बायका हसल्या. हसल्या म्हणजे मान्य.

चिठ्ठ्या टाकल्या. फोरमला शरद आला, वसंत कुलीपाला. आसिलकानने अदलाबदल मागितली.

"देते. पण मला नवी चूल हवी, तुझ्या त्या फोरममधलीच. एवढी जपतेस ना, बघू तरी चालते का."

आसिलकान माझ्याकडे आली. "जुमाश अबा, गुडघे कसे आहेत?"

"काम काय ते सांग."

कुलीपाने फोरमवरची, तलासच्या एका माणसाने काढलेली चूल निवडली होती. तशी मी कधी बांधली नव्हती. मी स्टुलावर बसून लावायचो. आसिलकान वीट द्यायची आणि फोनवर थर दाखवायची. मध्यावर आलो आणि धुराच्या वाटेवर अख्खी वीट आली.

"थांब. चित्रं उलटसुलट आहेत."

"नाहीत, अबा. मी स्वतः लावलीत."

"मग धूर कुठून जाणार, तू सांग."

तिने थर एकेक करून ताडून पाहिले. दोन थरांची चित्रं एकमेकांच्या जागी बसली होती. माती ओली होती म्हणून निभावलं. थर उतरवले, विटा धुतल्या.

कुलीपा दारातून म्हणाली, "मोजे तरी जोडीचे देतेस ना गं?"

आसिलकानने हातातली वीट खाली ठेवली. मला म्हणाली, "अशा किती चुका असतील?"

"रचल्याशिवाय कळायचं नाही."

त्याच दिवशी तिने फोरमवर हाक दिली: प्रत्येकाने एक चूल निवडावी, परत लावलेल्या चित्रांवरून अंगणात कोरड्या विटांनी रचावी, अडली की कळवावं. पैशासाठी हाक दिली असती तर कुणी आलं नसतं. कामाला आले. कोचकोरच्या एकाने बर्फ सारून दोन रचल्या. चुका निघाल्या, थोड्या नव्हेत. तिने एकेक दुरुस्त केली. वेळ लागला. लागायलाच हवा होता.

कुलीपाची चूल पहिल्याच जाळाला धूर ओढायला लागली. तिने शब्द पाळला, वसंत फोरमला दिला.

वसंतात आसिलकानच्या अंगणात तीन चूलवाल्यांनी मेंढी शिजवली. कुलीपा चावत राहिली.

"मांस चिवट आहे," ती म्हणाली. "पण कढईखाली धूर नाही, हे खरं."

"कांदा मी कापला," कोचकोरचा म्हणाला.

"दिसतंय. बोट सापडलं का?"

जेवणानंतर रक्कम यजमानाच्या हातात द्यायची असते. पुडकं बायकांमध्ये फिरत राहिलं. शेवटी कुलीपाने ते आसिलकानच्या फोनवर ठेवलं.

"घे बाबा," ती फोनला म्हणाली. "शरदात माझ्याकडे जेवायला ये. रिकाम्या हाताने येऊ नकोस."

भाडं भरलं. शरदात फोरमच्या वतीने मी गेलो, वर्गणी घेऊन. कुलीपाने मला चुलीशेजारी बसवलं. मी चुलीच्या भिंतीला हात लावून पाहिला. वरपासून खालपर्यंत सारखी तापली होती.