जर्मनाचा डोळा आणि आमचे गॉगल

लॅबच्या बेसिनमध्ये न धुतलेल्या टेस्ट ट्यूब साचतात, तसे आमच्या डिपार्टमेंटमध्ये किस्से साचलेत. जालना रोडवरच्या एका कॉलेजात मी तासिका तत्त्वावर केमिस्ट्री शिकवते. आमचे हेड शिंदे सर. त्यांचं दैवत म्हणजे एक जर्मन केमिस्ट, लॅबमधल्या बर्नरला ज्याचं नाव आहे तोच. सर त्याला ‘आपला जर्मन’ म्हणतात, जणू गारखेड्यात त्यांच्या शेजारी राहायचा!

*

“बर्नर दिला जगाला, पण पेटंट घेतलं नाही!” सर दरवर्षी पहिल्याच तासाला सांगतात.

आमच्याकडे बर्नर ओळीनं मांडलेत, पण गॅस नाही. पोरं स्पिरिटच्या दिव्यावर काम करतात.

“सर, त्यानं पेटंट घेतलं नाही आणि आपण सिलिंडर घेत नाही!”

“साधेपणा, मॅडम! तोही साधाच राहायचा.”

*

त्या जर्मनाचा एक डोळा प्रयोग करताना स्फोटात गेला. सर हा प्रसंग सांगतात तेव्हा त्यांचा आवाज कापरा होतो. सांगता सांगता स्वतःचा चष्मा कपाळावर ढकलून उघड्या डोळ्यांनी ॲसिड ओततात!

पोरांसाठी आणलेले गॉगल कपाटात कुलूपबंद. तपासणीला कमिटी येईल तेव्हा दाखवायचे म्हणे. मी वर्षभर किल्ली मागत होते.

“पोरं स्क्रॅच पाडतील, मॅडम.”

“आणि डोळ्याला स्क्रॅच पडला तर?”

“आजवर कुणाचा गेलाय का?”

*

ज्योतीच्या रंगावरून धातू ओळखायचं प्रॅक्टिकल होतं. याच वाटेनं जर्मनानं आपल्या एका सहकाऱ्याबरोबर दोन नवी मूलद्रव्यं शोधली. फुलंब्रीहून येणारी अश्विनी मात्र रडकुंडीला आलेली.

“मॅडम, कायबी धरलं तरी पिवळंच दिसतंय! समद्यात सोडियमच हाय!”

मी तिचा हात उलटा केला. बोटांना मीठ! ॲप्रनच्या खिशात खाऱ्या शेंगदाण्यांची पुडी.

*

एकदा चहा पिताना सरांनी विचारलं, “मॅडम, लग्नाचं काय मग?”

“तुमच्या जर्मनानं कुठं केलं होतं?”

“तो बाप्या माणूस होता!”

आमचे लॅब अटेंडंट रफिकमामू कप गोळा करत म्हणाले, “शादी नै किया, तबीच तो इत्ता काम हुआ!”

*

गेल्या महिन्यात गरम करताना एका ट्यूबमधलं ॲसिड उसळलं आणि थेट अश्विनीच्या भुवईवर उडालं. मामूंनी तिचं डोकं नळाखाली धरलं. डोळा वाचला.

मी सरांच्या केबिनमध्ये गेले. “आत्ता गॉगल निघाले नाहीत, तर यापुढं मी प्रॅक्टिकल घेणार नाही!”

सरांनी खिशातून किल्ली काढली. कपाट उघडलं आणि प्रत्येक पोराला स्वतःच्या हातानं गॉगल दिला. मला खरंच भरून आलं.

पोरांनी गॉगल चढवले. पण कुणी जागचं हलेना. मागच्या बाकावरून आवाज आला, “सर, काचांवरचं प्लॅस्टिक काढू का? कायच दिसंना!”

“खबरदार! कमिटीला नवेच दाखवायचेत.”

“मग ॲसिड कसं ओतू?”

“अंदाजानं!”