जंगलात काहीच न हुकलेला माणूस

बिबवेवाडीतल्या त्या चोरीची फाईल बंद होऊन बरीच वर्षं झाली. मीही निवृत्त झालो. पण कुणी जंगल पाहून आलं आणि उत्साहाने फोटो दाखवू लागलं, की मला ती चोरी आठवल्याशिवाय राहत नाही. समोरचा माणूस वाघ दाखवत असतो आणि मी मनात त्याचा जबाब घेत असतो.

नावं देत नाही. त्यातली बहुतेक माणसं पुण्यातच आहेत आणि अजून एकमेकांच्या घरी लग्नाकार्याला जातात.

तेव्हा मी तिथल्या पोलीस ठाण्याचा प्रमुख होतो. मोबाईल प्रत्येकाच्या खिशात यायच्या आधीचा काळ. एका शनिवारी संध्याकाळी एक निवृत्त शिक्षिका फिर्याद द्यायला आल्या. यजमान वारलेले, मूल नाही, बंगल्यात एकट्या. दिवसभर सासवडला बहिणीकडे पूजेला गेल्या होत्या. परत आल्या तर कपाटातल्या पाटल्या आणि मोहनमाळ नाहीशी झालेली. दार शाबूत, कपाट शाबूत. पंचनाम्यात लिहिण्यासारखं मोडतोडीचं काही नव्हतं. म्हणजे काम चावीने झालं होतं.

"चाव्या कुणाकुणाकडे आहेत?" मी विचारलं.

"दाराची एक माझ्याकडे, एक पुतण्याकडे. तो कात्रजला राहतो, अडीअडचणीला असावी म्हणून दिलीय. पण तो काल संध्याकाळीच जंगल बघायला गेलाय, उद्या येईल."

"आणि कपाटाची?"

बाई जरा घुटमळल्या. "माझ्या पर्समध्ये. कपाटाचं कुलूप अडकत होतं म्हणून मागच्या आठवड्यात चाचांना बोलावलं होतं. दुसरी चावी घासून आणून देतो म्हणाले होते."

चाचा म्हणजे शनिवार पेठेतले कुलूपवाले. पिढ्यान्‌पिढ्या पुण्यात राहिलेलं मुसलमान कुटुंब. बाईंच्या सासऱ्यांच्या वेळेपासून त्या घरची कुलपं यांच्याकडेच. मी त्यांना बोलावलं. आले आणि न विचारताच म्हणाले, "साहेब, मी शनिवारी दुपारी तिथे गेलो होतो. चावी द्यायला. बेल वाजवली, कुणी उघडलं नाही, परत आलो." आणि कपाटाची चावी टेबलावर ठेवली.

आता आमच्या खात्याच्या हिशेबाने पाहिलं तर याहून सोपी केस नाही. चावी याच्याजवळ, वेळ जुळते, दाराचं कुलूप उघडणं याचा धंदाच. सोमवारी सकाळी ठाण्यात निनावी फोनही आला. ठाणे अंमलदाराने तो डायरीत घेतला. बोलणाऱ्याने सांगितलं की कुलूपवाल्याने दोनदा बेल दाबली, खिशातून चावी काढली, तळहातावर घेऊन पाहिली आणि आत गेला. नाव विचारल्यावर फोन बंद.

चाचांना मी रोज ठाण्यावर बोलवत होतो. ते बाकावर बसून राहायचे.  तिसऱ्या दिवशी मला म्हणाले, "साहेब, आमच्या दुकानात माल काय असतो? कानस आणि चार पत्रे. लोक चावी विश्वासाने हातात देतात, तो आमचा माल. कालपासून गिऱ्हाईक दुकानासमोरून रस्ता ओलांडून पलीकडच्या फुटपाथने जातंय."

 संशयिताच्या तोंडून चांगली वाक्यं निघाली की मी सावध होतो. पण फोनवरची एक गोष्ट मला खुपत होती. मी चाचांना विचारलं, "बेल वाजवल्यावर काय केलंत?"

"चावी काढली. म्हटलं, फटीतून आत टाकावी का? मग म्हटलं नको, कपाटाची चावी आहे, हातातच द्यावी. परत खिशात ठेवली."

म्हणजे फोन करणाऱ्याने चावी खरोखर पाहिली होती. प्रश्न असा, की कुठून?

मी हवालदारांना घेऊन बंगल्यावर गेलो. हे हवालदार नोकरीत माझ्याहून जुने आणि बोलण्यात काटकसरी. त्यांना बेलपाशी उभं केलं आणि मी रस्त्यावर गेलो. पोर्चचा खांब आणि त्यावर चढलेली बोगनवेल. मला हवालदारांची फक्त चप्पल दिसत होती.

"हवालदार, बेल दाबा."

"केव्हाची दाबतोय, साहेब. बोट दुखायला लागलं."

शेजारी एका बाजूला मोकळा प्लॉट, दुसऱ्या बाजूचं घर उन्हाळाभर बंद. मग मी आत गेलो. स्वयंपाकघराची खिडकी पोर्चमध्ये उघडत होती. पडद्याच्या फटीतून हवालदारांचा तळहात दिसला, तळहातावरचा तंबाखूही दिसला. त्यांनी घाईने मूठ मिटली.

चाचांचा तळहात पाहणारा माणूस शनिवारी दुपारी घरात होता. दाराची दुसरी चावी एकाच माणसाकडे होती, आणि तो माणूस त्या वेळी पुण्यापासून चारेक तासांवर, सह्याद्रीतल्या एका राष्ट्रीय उद्यानात, भरपूर माणसांच्या सोबतीने रानगवे बघत होता.

पुतण्या स्वतःच ठाण्यावर आला, काकूंना घेऊन. नीटनेटका, बोलका, गळ्यात दुर्बिणीची पिशवी. "साहेब, त्या कुलूपवाल्याचं काय करताय? काकूंना रात्रीची झोप नाही."

मी चहा मागवला. म्हणालो, "होईल ते. तुम्ही जंगलात होतात म्हणे? आम्हा नवरा-बायकोला फार वेड आहे त्याचं. कसं काय झालं?"

ते अगदी खरं होतं. रजा मिळाली की आम्ही कुठल्यातरी अभयारण्यात जायचो. कान्हा, मेळघाट, ताडोबा, जमेल तसं. त्यामुळे ऐकायला मी कान टवकारून बसलो, आणि त्याने सांगितलंही छान. दोन दिवसांचा मुक्काम उद्यानाबाहेरच्या एका शेतघरात. मंडळी मिनीबसने गेली, हा मोटरसायकलवर, कारण घाटात गाडी चालवायची हौस. शनिवारी पहाटे डबे बरोबर घेऊन दिवसभराची फेरी. जलाशयावर धुकं इतकं, की पाणी कुठे संपतं आणि आभाळ कुठे सुरू होतं कळेना. धुकं उठलं तसे काठावर रानकुत्रे दिसले, सांबराला पाण्यात रेटत होते. लालभडक अंग आणि शेपटीचं टोक काळं. उन्हं वर आल्यावर वरचा सडा, म्हणजे कातळाचं मोठं पठार. तिथे एका खडकावर बिबट्या पाय लोंबकळत सोडून झोपलेला. वडाच्या झाडावर धनेशाची जोडी, त्यांच्या पंखांचा आवाज वाफेच्या इंजिनासारखा. परतताना गव्यांचा कळप, पायांत पांढरे मोजे घातल्यासारखा.

काकू कौतुकाने ऐकत होत्या. मीही मान डोलवत होतो. पण ते दोघं गेल्यावर मला चैन पडेना.

जंगलात गेलेला माणूस परत येऊन पहिल्यांदा काय सांगतो, हे मला घरातूनच माहीत होतं. तो काय हुकलं ते सांगतो. बिबट्या होता, पण आम्ही पोहोचायच्या आधी गेला. पुढच्या गाडीला दिसला, आमच्या ड्रायव्हरने उशीर केला. आमच्याच घरात, मी थर्मासचं झाकण पाडलं आणि त्या आवाजाने अस्वल पळालं, हे वाक्य इतक्या वर्षांत पाहुण्यांना ऐकवलं गेलं नाही असा एक दिवाळीचा फराळ नाही. आणि हा माणूस सगळं पाहून आला होता. कुणावर चिडलेला नव्हता. कंबर दुखली नव्हती, धूळ नाकात गेली नव्हती.

रात्री जेवताना मी बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "दिवसभराच्या फेरीत काहीच हुकलं नाही? मग तो गेलाच नसेल."

पोळीचा घास माझ्या हातातच राहिला.

उद्यानाच्या कचेरीत विचारणा केली. परवाने सगळ्यांचे एकत्र काढलेले, त्याचंही नाव त्यात होतं. पण परवाना पैसे भरल्याचा असतो, माणूस आल्याचा नसतो. सहलीतल्या मंडळींना मी एकेक करून बोलावलं. तो होता का, असं विचारलं असतं तर सगळ्यांनी होता म्हणून सांगितलं असतं, आणि त्यांच्या दृष्टीने ते खरंच होतं. म्हणून मी वेगळं विचारलं. शनिवारी दिवसभर तुम्ही कुठल्या जीपमध्ये होतात आणि तुमच्याबरोबर कोण कोण होतं?

पहिल्या एक बँकेतून निवृत्त झालेल्या बाई. "दोन जीप होत्या. आमची खालून पाण्याच्या काठाने गेली. आम्हाला रानकुत्रे दिसले. बिबट्या त्या दुसऱ्यांना दिसला, सड्यावर. आमच्या नशिबात कुत्रीच."

"आणि ते पुतणे?"

"ते दुसऱ्या जीपमध्ये. पहाटे अंधारात मला म्हणाले, मी त्यांच्यात बसतो. बरं झालं म्हटलं. बडबड फार करतात, जनावर उभं राहील का?"

मग दुसऱ्या जीपमधले एक डॉक्टर. "आम्ही सड्यावर. बिबट्या काय झोपला होता! पण रानकुत्रे हुकले हो. माझ्या मिसेसने रविवारभर अबोला धरला, ही जीप मी निवडली म्हणून."

"पुतणे शेजारी बसले होते का?"

"ते पहिल्या जीपमध्ये होते ना. आम्ही आधीच कोंबून बसलेलो, त्यांना कुठे बसवणार? रात्री जेवताना भेटले. सगळ्यांना खोदून खोदून विचारत होते, कुणाला काय दिसलं. मी दुर्बीण मागितली बघायला, तर म्हणाले काच सैल झालीय. गळ्यातली पिशवी उघडलीसुद्धा नाही."

बाकीच्यांनीही हेच सांगितलं. प्रत्येकाने त्याला दुसऱ्या जीपमध्ये बसवलं होतं.

पुतण्याला दुसऱ्या दिवशी सकाळी बोलावलं. चहा मागवला नाही. तेवढ्यावरून तो जरा ताठ बसला.

"शनिवारी तुम्ही कुठल्या जीपमध्ये होतात?"

"पहिल्या. पाण्याच्या बाजूच्या."

"मग बिबट्या कसा दिसला?"

"म्हणजे... दुसऱ्या. मध्ये बदलली आम्ही."

"कुठे बदलली? दोन्ही जीप दिवसभरात भेटल्याच नाहीत."

तो खुर्ची जरा मागे सरकवून बसला.

"बरं, ते राहू द्या. तुमच्या शेजारी कोण बसलं होतं?"

"आठवत नाही, साहेब. गडबड होती."

"कुत्र्याच्या शेपटीचं टोक आठवतं. दिवसभर मांडीला मांडी लावून बसलेला माणूस आठवत नाही?"

माझ्या नोकरीत मी बराच आरडाओरडा ऐकला आणि केलाही. त्या दिवशी गरज पडली नाही. त्याने पाणी मागितलं, प्यायला, आणि बोलू लागला. पहाटे दोन्ही जीप गेल्यावर तो मोटरसायकल घेऊन निघाला होता. काकू सासवडला जाणार हे त्याला माहीत होतं. कपाटाच्या चावीचा छाप त्याने आधीच घेऊन ठेवला होता. कपाट उघडलं आणि बेल वाजली. पडद्याआडून चाचा दिसले, हातात चावी दिसली. दागिने घेऊन तो रात्रीच्या जेवणाआधी शेतघरावर पोहोचला, आणि सहलीहून पुण्यात परतल्यावर त्याला सुचलं, की हा माणूस उपयोगाचा आहे. तो फोन केला नसता तर मी कदाचित त्या खिडकीपर्यंत पोहोचलो नसतो. दागिने पंचांसमक्ष त्याच्या घरून जप्त केले. दुर्बिणीच्या पिशवीत होते. दुर्बीण कपाटात पडून होती, जंगलात गेलीच नव्हती.

कारण नेहमीचंच होतं, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

बाईंना मी स्वतः घरी जाऊन सांगितलं. त्या उठून दारापर्यंत गेल्या. मग म्हणाल्या, "दाराचं कुलूप बदलायला हवं. चाचा येतील का हो?"

चाचा आले. त्यांनी कुलूप बदललं. मी तिथे होतो म्हणून सांगतो, किती चाव्या करू, हे त्यांनी विचारलं नाही. एक करून दिली.

या केसने मला एक शिकवलं. खरी आठवण भोकाची असते. जो माणूस खरंच तिथे होता त्याला काहीतरी दिसलेलं नसतं, आणि ते त्याला सलत असतं. सगळं भरून आणलेली आठवण दिसली, की ती कुठून गोळा केली ते तपासावं. हे मी पुढे खुनाच्या तपासातही वापरलं.

पण दुसरी गोष्ट मला खूप उशिरा कळली. निवृत्तीनंतर आम्ही त्याच उद्यानात जायचं ठरवलं. निघण्याआधी घरातलं कपाट अडकायला लागलं म्हणून चाचांना बोलावलं. वय झालं होतं, पण आले. पिशवी खाली ठेवली आणि उभेच राहिले.

"काय झालं, चाचा?"

"शेजारचं कुणी बोलवा, साहेब. दोन माणसं असली तर बरं. समोर बसतील, मग कपाटाला हात लावतो. आता सगळीकडे असंच करतो."

"अहो, कशाला? मी पोलीस आहे."

"म्हणूनच, साहेब," चाचा म्हणाले. "पंच लागतात."

मी चप्पल घातली आणि शेजारच्यांना बोलवायला गेलो.