वळणावरचे खडे

आत्या फळीवर पालथी पडली होती. एका हातात कॅमेऱ्याचं वायरीवालं बटण, दुसऱ्या मुठीत कागदाच्या बारक्या टिकल्या. खाली नदी वाहत होती. खरी नाही, सिमेंटची. मोठ्या पत्र्याच्या शेडमध्ये बांधलेली, खऱ्या नदीच्या साठाव्या हिश्श्याची. पूल, काठ, वळण, वळणावरची गल्ली, सगळं मापात. त्याच गल्लीत आत्या राहायची. मॉडेलमध्ये आपलं घर साबणाच्या वडीएवढं आहे, असं ती हसत सांगायची.

आज हसत नव्हती. पंप पूर्ण जोरात होता, म्हणजे मोठ्या पुराचं पाणी. तिने टिकल्या उधळल्या, बटण दाबलं, मनात दोन मोजले, सोडलं.

तिचं काम असं. शटर दोन सेकंद उघडं ठेवायचं, वाहत्या टिकल्यांच्या फोटोत रेघा उमटतात. लांब रेघ म्हणजे पाणी पळतंय, आखूड म्हणजे रेंगाळतंय. टिकल्या कुठल्या? ऑफिसात कागदांना भोकं पाडतात, त्या पंचिंग मशीनच्या पोटातला कचरा. आत्या टेबलाटेबलावर जाऊन गोळा करायची. लोक हसायचे. हसू देत. बावीस वर्षं त्या कचऱ्यावरून बाईने पाणी वाचलंय.

प्रश्न एकच होता. पुराची भिंत पुलापाशी संपवायची, की गल्ली संपेपर्यंत न्यायची?

ऑफिसातल्या कॉम्प्युटरवाल्याने त्याच पुराचं चित्र स्क्रीनवर काढलं होतं. निळंशार, गुळगुळीत, वर उन्हाची चमक. त्यात पाणी काठाच्या आत होतं. आत्याच्या फोटोत मात्र टिकल्या काठ ओलांडून थेट गल्लीत.

"ताई, सावली बघा ना पुलाची," तो म्हणाला. "एकदम खरी टाकलीय."

"बाळा, सावलीने कोणी भिजत नाही."

घरी ती एवढंच बोलली, "भिंत आपल्यापर्यंत येईलसं वाटतंय." बाबांच्या, म्हणजे तिच्या धाकट्या भावाच्या, तोंडात तीळ भिजत नाही. संध्याकाळपर्यंत अख्ख्या गल्लीला कळलं. दर मोठ्या पावसात गाद्या माळ्यावर टाकणारी माणसं ती. टोकाच्या घरातली काकू तर आत्याच्या गळ्यातच पडली.

मीटिंग दोन दिवसांवर होती. आत्याने फोटो मोठा करून टेबलावर पसरला.

वळणापाशी हातभर जागेत रेघा भलत्याच आखूड होत्या. बाकी तळावर अशा नव्हत्या. तिथेच पाणी अडत होतं, फुगत होतं, वर चढत होतं.

नदीच्या तळाशी धोंडे असतात, ते पाणी अडवतात. मॉडेलमध्येही तेवढंच अडावं म्हणून तळाला चाळणीने निवडलेले खडे चिकटवतात. मागच्या महिन्यात वळणावरचे खडे निघाले होते. गवंडी सुट्टीवर, आणि आत्याला थांबणं माहीत नाही. तिने स्वतःच चाळले, स्वतःच चिकटवले. खिळ्याला चाळण्या दोन टांगलेल्या, एक बारीक भोकांची, एक मोठ्या. कुठली वापरायची त्याची खडूची खूण पुसली गेलेली.

ती शेडमध्ये गेली, कोरड्या नदीत उतरली, वळणावर बोटं फिरवली. मग पुलाखाली. परत वळणावर. मोठे होते. तिनेच मोठे लावले होते.

त्या दिवशी ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशी पोळी हातात घेऊन बसली, ती हातातच राहिली.

"काय झालं गं ताई?" बाबांनी विचारलं.

"काही नाही. जेव तू."

कोणाला कळणार होतं? फोटो तिचा, खडे तिचे, तोंडही तिचंच. गप्प बसली तर गल्लीला भिंत. बोलली तर भिंत गेली, आणि बावीस वर्षांचं नावही. रात्रभर कूस बदलत होती. सकाळी आरशासमोर उभी राहून म्हणे एकच वाक्य पुटपुटत होती, आणि दर वेळी मध्येच अडकत होती.

मीटिंगमध्ये मोठे साहेब म्हणाले, "बाईंचा फोटो सांगतोय, भिंत वाढवा."

आत्या उठली. "फोटो चुकलाय साहेब. वळणावरचे खडे मी मोठे लावलेत."

"बावीस वर्षांनी चाळणी ओळखता येत नाही?"

"खूण पुसली होती. पण हात माझे होते."

कॉम्प्युटरवाला टेबलाकडे बघत राहिला. कोणीतरी फिसकन हसलं. त्याचं नाव कळलं असतं तर बरं झालं असतं.

तिने गुडघ्यांवर बसून खडे खरवडले, बरोबर चाळणीतले लावले, पुन्हा पूर सोडला, पुन्हा टिकल्या. पाणी काठाच्या नखभर खाली थांबलं. निळं चित्र बरोबर निघालं. भिंत पुलापाशी संपणार असं ठरलं.

काकूने गल्लीत सगळ्यांसमोर गाठलं. "तुला कोणी विचारलं होतं? गप्प बसायला काय जात होतं?"

"काकू, ते खोटं होतं."

"भिंत तर खरी झाली असती ना!"

बाबा तीन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. शेजारच्यांनी दार लोटून घेतलं. आणि ती? ती दुसऱ्याच सकाळी कॅमेरा घेऊन काकूच्याच दारासमोर उभी. काठावरून काकूच्या दारापर्यंत चढणाऱ्या पायऱ्यांचे फोटो काढत होती.

"आता माझ्या पायऱ्यांत काय बघतेस?"

"पाच आहेत."

"पाचच आहेत! खालच्या तीन आम्ही मागाहून घातल्या, काठ खचत गेला तशा. आता त्याही नेतेस?"

आत्याने पुन्हा बटण दाबलं. ओठ मात्र हलत होते, मोजत असल्यासारखे.

चार महिन्यांनी मोजणीची माणसं काठावर आली. काठ जुन्या नकाशापेक्षा कितीतरी खाली निघाला. निळं चित्र पुन्हा काढलं, या वेळी त्यातही पाणी गल्लीत घुसलं. भिंत वाढली. गल्ली म्हणाली, काकू माणसं घेऊन ऑफिसात ओरडली म्हणून झालं. भिंतीसमोर काकूचा फोटो काढला. काढला कोणी? आत्याने. "काकू, हनुवटी वर," एवढंच म्हणाली.

भिंतीला दोन वर्षं झाल्यावर एकदा कॉम्प्युटरवाला घरी आला. आत्या बाहेर गेली होती. तो बाबांसमोर बसला आणि मोबाईलमध्ये ऑफिसातल्या भिंतीच्या फाइलचं एक पान दाखवलं. पायऱ्यांचा फोटो, खाली आत्याचं वाकडं अक्षर: मॉडेलमध्ये पायऱ्या दोन, जागेवर पाच. मॉडेलचा काठ जुन्या मापाचा आहे. पुन्हा मोजावा. त्याखाली सही. तारीख होती, काकूने तिला गल्लीत गाठलं त्याच्या दुसऱ्या दिवसाची.