वय विचारणारे साडू

हैदराबादेत मूर्खांचा तुटवडा नाही, पण आमच्या साडूंइतका शिकून-सवरून तयार झालेला मूर्ख मलकपेठेपासून दिलसुखनगरपर्यंत दुसरा सापडायचा नाही. प्रयोगशाळेत उंदरांना विष दिलं की कोणत्या वयात फिट लवकर येते, हे बघण्यात त्यांची उभी हयात गेली. निवृत्तीनंतर उंदीर संपले म्हणून त्यांनी नातेवाईक धरले. कुणीही भेटलं की आधी वय विचारायचं. एका लग्नात भर पंगतीत त्यांनी सासूबाईंना जन्मसाल विचारलं, आणि जिलबी वाढणाऱ्यासमोर सांगितलं, "पिल्लाच्या मेंदूला झटका पटकन येतो, पण तो सावरतो. जुना मेंदू सावरत नाही." सासूबाईंनी त्यांच्याशी बोलणं टाकलं. साडूंनी तेही वयाचं लक्षण मानलं.

त्यांच्याकडे दोन कुत्री. एक म्हातारा नवाब, दुसरं अंबरपेठेतून उचलून आणलेलं पिल्लू. यंदा गोगलगायींनी कढीपत्ता फस्त केला, तेव्हा या विषतज्ज्ञाने कुंड्यांत गोगलगायी मारायचं विष पसरलं. घरात कुत्री आहेत, एवढंच मी म्हटलं, तर मला तासभर व्याख्यान ऐकावं लागलं. धोका कोवळ्या मेंदूला, म्हणून त्यांनी पिल्लू मागच्या दारी बांधलं आणि नवाबला मोकळा ठेवला. "नवाबची फिकर नक्को. बुढ्ढा समजदार आहे."

दुसऱ्याच दिवशी तो समजदार कुंडीपाशी आडवा पडून आचके देत होता. पाय ताठ, तोंडाला फेस. रिक्षात साडूंनी त्याचं डोकं मांडीवर घेतलं, आणि मी त्यांना प्रथमच गप्प पाहिलं. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. इतक्या वर्षांची व्याख्यानं व्याजासकट परत करायची मी तयारीच करत होतो.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "उमर कितनी?"

उंदराचं वय दिवसांत मोजणाऱ्या आमच्या साडूंनी नवाबच्या पांढऱ्या पडलेल्या तोंडावर हात ठेवला. "बच्चा है मॅडम," ते म्हणाले. "अभी बच्चाच है."

बाईंनी ते पांढरं तोंड पाहिलं आणि इंजेक्शन भरलं. मी खरं वय सांगायला तोंड उघडलं होतं, ते मिटून घेतलं.

नवाब वाचला, पण आता तो कुणालाच ओळखत नाही. साडू फाटकातून आत आले की परक्यासारखा भुंकतो. ते त्याच्यासमोर फरशीवर बसतात, हात हुंगायला देतात आणि माझ्याकडे न बघता म्हणतात, "सावरेल हो. वयच काय त्याचं?"

या माणसावरचा माझा राग अजून गेलेला नाही. तेवढ्यापुरतं मी हो म्हणतो.