कडक भाकरीचे गिऱ्हाईक कोण

कचेरीच्या फाटकासमोर बसून मी तेवीस वर्षे लोकांचे अर्ज लिहीत आलो आहे. माझे शिक्षण नववीपर्यंतच झाले, हे मी लपवीत नाही. परंतु वारसनोंद असो, शिधापत्रिकेतील दुरुस्ती असो वा निराधार महिलेचे प्रकरण असो, माझ्या हातच्या अर्जात त्रुटी निघाली असे क्वचितच घडले. समोरच्या स्टुलावर बसलेल्या माणसाने पदराचे टोक बोटाला गुंडाळले किंवा टोपी काढून मांडीवर ठेवली, की त्याच्या मनात काय आहे हे मला तत्काळ कळते, अशी माझी समजूत होती. त्या समजुतीपायी माझ्या धाकट्या बहिणीचे जे झाले, ते लिहून ठेवणे मला भाग आहे.

बहीण माझ्याहून चौदा वर्षांनी लहान. आई लवकर गेल्यामुळे तिचे लग्न मीच माढ्याकडे करून दिले होते. मूलबाळ झाले नाही, आणि तीन वर्षांपूर्वी नवराही गेला. ती सोलापूरला माझ्याकडे आली. तिची नणंद पुण्याला असते. तिने निरोप धाडला की, आमच्या घरात माणूस लागतेच, ये इकडे. त्या 'माणूस लागते'चा अर्थ आम्हा दोघांनाही कळत होता. बहिणीने दिवाळीपर्यंतची सवड मागून घेतली.

"अण्णा, मी तितं जाणार न्हाय," ती मला म्हणाली. "दुसऱ्याच्या चुलीम्होरं उभं ऱ्हाऊन म्हातारी व्हायची न्हाय मला. कडक भाकरी करीन, शेंगाची चटणी करीन, विकीन. दिवाळीपातूर बसलं बस्तान तर हितंच ऱ्हाईन."

तिच्या हातची कडक भाकरी ही सांगण्यासारखीच गोष्ट होती. ज्वारीची, कागदासारखी पातळ थापलेली, तव्यावरून उतरवून मंद विस्तवावर वाळवलेली. मोडली की टक्कन आवाज येई. पंधरा दिवस ठेवली तरी चवीत फरक पडत नसे.

मी रुकार देण्यापूर्वीच तिने आपल्या परीने सुरुवात केली होती. शेजारणीबरोबर टमटममध्ये बसून ती चिंचोळी एमआयडीसीला गेली आणि एका कारखान्याच्या गेटवर टोपली घेऊन बसली. असे चार-पाच वेळा झाले. परत आल्यावर जेवताना ती मला सांगत असे, आणि मी वर्तमानपत्र वाचीत ऐकत असे.

"संसारवाली मान्सं घेत न्हाईत, अण्णा. त्यांचा डबा घरनं येतोय. खोली करून ऱ्हाणारी पोरं घेतात. त्यांच्याकडं शेगडी न्हाय, आन् रोज वडापाव खाऊन कटाळल्यात. शनवारी जायाचंच न्हाय, गावाला पळतात सगळी. सोमवारी मातर टोपली पुरत न्हाय."

"बरं."

"एक बिहारचा पोरगा हाय. म्हन्तो, मौसी, चटणी कम तीखा करो. त्यांच्यासाठी येगळी करायला पायजे की."

"गेटवर टोपली घेऊन बसणे हा काही व्यवसाय नव्हे," मी म्हणालो. "व्यवसायाला आधी बाजारपेठेचा अभ्यास करावा लागतो. कागदावर आधार पाहिजे."

"मग मी काय करतीया?" तिने विचारले.

मी वर्तमानपत्राचे पान उलटले. माझ्या विरोधाचे खरे कारण मी तेव्हा स्वतःशीही कबूल केले नव्हते. ज्यांचे अर्ज मी लिहितो ते मला साहेब म्हणतात, आणि त्यांतले अर्धे लोक चिंचोळीला कामाला जातात. साहेबांची बहीण गेटवर बसते, हे त्यांनी पाहावे असे मला वाटत नव्हते.

मी अभ्यास सुरू केला. दोन संध्याकाळी बसून एक प्रपत्र तयार केले. वरती मध्यभागी 'माहितीपत्रक', खाली चौदा रकाने : कुटुंबप्रमुखाचे संपूर्ण नाव, कुटुंबातील एकूण व्यक्ती, व्यवसाय, शिधापत्रिकेचा प्रकार, आठवड्यातून किती वेळा भाकरी खाता, तयार कडक भाकरी व चटणी घेण्यास आपण इच्छुक आहात काय, होय अथवा नाही. शेवटी, 'वरील माहिती माझ्या समजुतीप्रमाणे खरी व बरोबर आहे', आणि त्याखाली सहीसाठी अथवा डाव्या अंगठ्यासाठी जागा. शिधापत्रिकेचा भाकरीशी काय संबंध, असे आज कोणीही विचारील. मला त्यावेळी तो रकाना नसलेला कागद अपुरा वाटला. माझ्या हाताला तसेच कागद लिहिण्याची सवय होती.

प्रती काढून, इस्त्रीचा सदरा घालून मी जुळे सोलापुरात गेलो. नोकरदारांची वस्ती, दारात दुचाक्या, हाताशी चार पैसे. गिऱ्हाईक असेल तर इथेच, असा माझा ठाम निष्कर्ष आधीच झालेला होता. दारोदार गेलो. लोकांनी मला खुर्ची दिली, पाणी दिले. एवढा मान मिळतो आहे याचा मला संतोष वाटला. तो कशामुळे मिळतो आहे, याचा विचार मी केला नाही.

"कुठल्या योजनेचं आहे हे?" एका गृहिणीने विचारले.

"सध्या माहिती गोळा करण्याचे काम चालू आहे," मी म्हणालो.

"म्हणजे नंतर यादी लागणार."

"पुढचे पुढे कळेलच."

मी खोटे बोललो नाही, परंतु खरेही सांगितले नाही. 'माझी बहीण भाकऱ्या करून विकणार आहे' हे वाक्य त्या दारात उभे राहून माझ्या तोंडातून निघाले नाही. एका निवृत्त गृहस्थांनी चष्मा पुसून सगळे रकाने वाचले आणि आपल्या पत्नीला आतून हाक मारली, "अगं, होय लिहू का? होय लिहायला काय जातंय!" वस्तीच्या टोकाला एका मुसलमान कुटुंबात आजीबाईंनी कागद उलटसुलट केला.

"क्या मिलेंगा जी इसमें? भाकरी?"

"होय, भाकरी व चटणी."

"हर महिने?" त्या सुनेकडे वळल्या. "लिख दे, आठ जने हैं बोलके. और राशन कार्ड का झेरॉक्स भी दे दे इनको."

मी ती झेरॉक्स घेतली, इतका मी माझ्या कामात रंगलो होतो. जवळजवळ प्रत्येक कागदावर 'होय' होते. ते गठ्ठे मी बहिणीपुढे ठेवले.

तिने वरचे चार-पाच कागद वाचले. तीही सातवीपर्यंत शिकलेली होती. "अण्णा," ती हळूच म्हणाली, "यातल्या एकानं तरी भाकरी चाखली का?"

"सह्या आहेत प्रत्येकाच्या," मी म्हणालो.

तिने कागद परत गठ्ठ्यावर ठेवले. घरात माझ्या शब्दापुढे बोलण्याची पद्धत नव्हती आणि ती माझ्या आश्रयाला आलेली होती. जुळे सोलापुरात रस्त्यालगतचा एक गाळा घेतला. तिचे जे काही होते ते त्यात गेले. चिंचोळीला जाणे मी बंद करवले. फलक मी स्वतःच्या अक्षरात रंगवून घेतला.

दुकान उघडले त्या दिवशी खरोखरच गर्दी झाली. मी खुर्ची टाकून बाहेर बसलो होतो. पहिल्या बाई आल्या त्या मला ओळखून म्हणाल्या, "आमचा फॉर्म मंजूर झाला का?"

त्यांच्यामागून दुसऱ्या. "आमचं नाव बघा की यादीत." निवृत्त गृहस्थ पिशवी घेऊन आले होते. भाकरी विकत घ्यायची आहे हे कळल्यावर ते मोठ्याने हसले. "अहो, भाकऱ्या विकायला एवढा अर्ज? मला वाटलं सरकार देतंय." त्यांनी माझ्या भिडेखातर दोन भाकऱ्या घेतल्या. आजीबाईंच्या सुनेने झेरॉक्स परत मागितली.

बहीण आत पाठमोरी उभी राहून चटणीच्या पुड्या लावीत होती. तिने सगळे ऐकले.

पुढच्या दिवसांत मला जे कळले ते मी आधी पाच मिनिटांत विचारून घेऊ शकलो असतो. त्या घरांतून भाकरी घरीच होते, किंवा करायला बाई येते. कडक भाकरी विकत घेतात ती पुण्यामुंबईचे पाहुणे परत निघाले म्हणजे त्यांच्या पिशवीत टाकायला; आणि तीही बाजारातल्या ठरलेल्या जुन्या दुकानातून. त्यांनी मला फसवले नव्हते. कागद पुढे आला की 'होय' लिहावे, 'नाही' लिहिले तर आपले नाव सुटेल, हे ते कुठूनतरी शिकले होते. माझ्यासारख्यांकडूनच शिकले असतील.

गणपती गेले, नवरात्र गेले. एका सोमवारी तिने गाळा उघडलाच नाही. टोपली भरली आणि म्हणाली, "चिंचोळीला जाऊन येते. तुमी येता का?" मी गेलो. त्या दिवशी मी टोपलीची एक बाजू धरली होती. पाहायचे तर पाहोत कोणी, असे मला प्रथमच वाटले.

गेटजवळच्या तिच्या जागेवर दुसरी बाई बसली होती. अक्कलकोटकडची असावी, कानडी वळणाचे मराठी बोलत होती. शिफ्ट सुटली. पोरे आली. दोघातिघांनी बहिणीला ओळखले.

"मावशी! कुटं गायब झालता? लई वाट बघितली आमी."

"आजारी होता काय?"

"न्हाय रं," ती म्हणाली. "दुकान टाकलं हुतं."

"मग आता येणार का?" विचारणाऱ्याने त्या दुसऱ्या बाईकडे पाहिले आणि तो जरा ओशाळला. "आता ह्यांच्याकडं लावलंय आमी. सगळ्या खोल्यांचं."

ती बाई टोपलीवरचे फडके घट्ट धरून आमच्याकडे पाहत होती. भांडण होणार असे तिला वाटले असावे. बहीण तिच्याशेजारी उकिडवी बसली. "शनवारी येत जाऊ नगा," ती तिला म्हणाली. "आन् त्यो लांब केसाचा बिहारचा पोरगा हाय न्हवं, त्याला तिखट चालत न्हाय. त्याची चटणी येगळी बांधा."

मला तिथे उभे राहवेना. मी रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभा राहिलो.

दिवाळीला आठ दिवस असताना नणंदेचा फोन आला. बहीण स्वयंपाकघरात होती म्हणून फोन तिने ओट्यावर ठेवून आवाज मोठा केला. मी दारात होतो. आपल्याला काय पाहिजे हे नणंदेला नेमके ठाऊक होते आणि ती एकेक करून विचारीत होती.

"सहा माणसांच्या पोळ्या होतात ना तुझ्याच्यानं?"

"व्हय."

"पाचला उठावं लागेल. मुलांचे डबे असतात."

"व्हय, उठीन."

"सासूबाईंचं अंथरुणातच असतं सगळं. किळस नाही ना वाटणार?"

"न्हाय, न्हाय वाटणार."

"आणि मन रमेल ना इकडे?"

"व्हय," बहीण म्हणाली.

ती माझ्याकडे पाहत नव्हती. तिच्या हातात लाटणे होते आणि ते तिने छातीशी धरले होते. असे 'होय' मी आयुष्यभर ऐकले, सुवाच्य अक्षरात उतरवून घेतले आणि खाली सह्या घेतल्या. ते म्हणणाऱ्याला काय पाहिजे आहे, हे मी कधी विचारले असेन असे मला आठवत नाही.

फोन बंद झाल्यावर तिने विचारले, "अण्णा, पुण्याची सकाळची गाडी कितीला असती?"

मी वेळ सांगितली. ती मला पाठ होती; तुला जायचे आहे का, हे मात्र मी याही वेळी विचारले नाही.