हवेलीत ठेवलेली घोडी

माझ्याकडे पाच घोड्या आहेत. लग्नसराईत त्या कांदिवलीपासून वाकोल्यापर्यंत नवरदेव वाहतात आणि एरवी मढला शूटिंगमध्ये राजे-महाराजे. पाठीवर कोण बसलंय याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं. तबेलाही मढलाच आहे.

त्या वर्षी पांढरी एका शूटिंगहून आली ती मान लांब काढून उभीच राहिली. तिथे बाहेरच्या घोड्यांबरोबर एकाच टबातलं पाणी प्यायली होती. जबड्याखाली लिंबाएवढी गाठ, नाकातून पिवळा पू. डॉक्टर मॅडमनी तपासलं आणि म्हणाल्या, "काका, हिला आत्ताच्या आत्ता लांब हलवा. हा पू दुसरीच्या तोंडाला लागला की तीही आडवी. ही होईल बरी. पण तांबडी गाभण आहे ना? तिला ताप चढला तर पिल्लू हातचं जाईल."

तांबडीचे दिवस भरत आले होते. माझ्या बायकोनं त्या पिल्लासाठी घुंगरूसुद्धा आणून ठेवले होते.

लांब म्हणजे कुठे, तर शेजारच्या बंगल्याच्या आवारात भुताच्या मालिकेचा सेट होता. मालिका बंद पडली, हवेली राहिली. प्लायवूडच्या भिंती, थर्माकोलचे खांब, कुठेच न जाणारा जिना. बंगल्याचा मालक म्हणाला, "ठेव की. तसंही संध्याकाळनंतर तिकडे कोणी फिरकत नाही." का फिरकत नाही, हे विचारायची अक्कल तेव्हा मला नव्हती.

नियम सोपा होता. पांढरीला हात लावणाऱ्यानं बाकीच्यांपाशी जायचं नाही. बादल्या वेगळ्या, खरारा वेगळा, कपडे वेगळे. पांढरी माझ्याकडे, चौघी बायकोकडे. आम्ही दोघं कुंपणाच्या अल्याड-पल्याड उभे राहून बोलायचो, अगदी लग्नाआधीसारखे. विषय तेवढा पू.

मग गाठ वाढली आणि पांढरीचा श्वास शीळ घालू लागला. पोकळ प्लायवूडमध्ये ती शीळ फिरायची. एक घोडीकडून यायची आणि दुसरी, अर्धा श्वास मागून, जिन्यावरून. मी वळून बघायचो. जिना रिकामा. पण पांढरीही तिकडेच बघत असायची, कान पुढे करून. माणसाला भास होतात हो, घोड्याच्या कानांना होत नाहीत.

"तुझ्याकडे काही वेगळं वाटतंय का गं?" मी कुंपणावरून विचारलं.

"दिवेलागणीला चौघी चारा सोडून हवेलीकडे तोंड करून उभ्या राहतात. फुरफुर नाही, काही नाही."

"पांढरीचा वास येत असेल."

"वारा उलटा आहे रे," ती म्हणाली.

झालं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी दृष्ट काढायचं ठरवलं. उभा जन्म मी या प्रकाराची टिंगल केली होती, त्यामुळे करताना काही चुकू नये म्हणून लहानपणी पाहिलेलं सगळं आठवून केलं. मीठ, मोहरी, मिरच्या मुठीत घ्यायच्या. मूठ उघडायची नाही. निखाऱ्यात टाकेपर्यंत बोलायचं नाही. आणि एकाची काढली की त्याच मुठीनं घरातल्या सगळ्यांची काढायची. हात लावायचा नाहीच, मग नियम मोडतो कुठे?

पांढरीपासून सुरुवात केली. तोंडावरून मूठ उतरवली, तर ती चाटायला लागली. घोड्याला मीठ म्हणजे पेढा. मला वाटलं, बघा, दृष्ट आपणहून मुठीत येतेय.

मग कपडे बदलले, पाय जंतुनाशकाच्या पाण्यात बुडवले, डावा हात कोपरापर्यंत साबणानं धुतला. उजव्याची मूठ मिटलेली, ती कशी धुणार? तसाच तबेल्यात शिरलो.

"हात धुतलास ना?" बायको पाणी भरता भरता ओरडली.

बोलायचं नव्हतं. मी जोरात मान डोलावली.

तिघींनी हुंगून तोंडं फिरवली. तांबडीला मात्र डोहाळेच लागले होते जणू. तिनं मुठीवर जीभ फिरवली, मग ओठांनी एकेक बोट उचकटून बघितलं. अंधारून आलेलं, तिचे डोळे दिसत नव्हते, आणि कोणीतरी हळूच आपली मूठ उघडतंय असं वाटून माझ्या मानेवर काटा आला.

घमेल्यातल्या निखाऱ्यांवर सगळं टाकलं. मीठ तडतडलं, मिरच्या काळ्या झाल्या. ठसका नाही. मला नाही, बायकोलाही नाही.

"जबर होती गं," मी खूश होऊन म्हणालो.

"हात बघू."

बोटांच्या बेचक्यांत पिवळं काहीतरी वाळलं होतं. मोठ्यानं बोलल्याशिवाय मीठ मागता न येणारी माझी बायको त्या क्षणी ओरडली नाही. मला त्याचीच भीती वाटली.

मॅडम सकाळी आल्या. "काका, तुम्ही दृष्ट काढली नाहीत, वाटलीत," म्हणाल्या आणि चौघींना एकमेकींपासून लांब बांधायला लावलं. रोज सकाळ-संध्याकाळ ताप मोजायचा. तिघी सुटल्या. तांबडी एका सकाळी बादलीपाशी उभी होती, तोंड पाण्यात, आणि प्यायलेलं पाणी नाकातून परत येत होतं.

तीही हवेलीत गेली. मागोमाग बायको गेली, तीन घोड्या माझ्याकडे सोपवून. पण त्याआधी मॅडमनी माझे हात आपल्या डोळ्यांदेखत धुऊन घेतले. दिवसभर कुंपणाशी उभं राहिलं की शिळा ऐकू यायच्या. घोड्या दोन होत्या. शिळा किती होत्या ते आम्ही एकमेकांना विचारलं नाही.

मग दोन दिवस पिल्लू हललंच नाही. मॅडमनी मलाही आत बोलावलं, तांबडीला धरायला. त्यांनी तिच्या कुशीवर हात ठेवला, शेजारी बायकोनं ठेवला. मग मीही तळवा टेकवला. कातडं तापलेलं, आत काही नाही. बराच वेळ काही नाही. आणि मग आतून एकदाच, दार ठोठावावं तसं, कोणीतरी ठोकलं.

"आहे," बायको म्हणाली.

"आहे," मॅडम म्हणाल्या. "ताप उतरेपर्यंत पोटात राहायला हवं."

बायकोनं बादली तांबडीच्या तोंडाशी धरली. तिनं एक घोट घेतला. तो घशाखाली उतरायला लागला तेव्हा आम्ही तिघंही श्वास रोखून तो ऐकत होतो.