कितीला पडली?

मामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी गोठ्यात धार काढत होते. मामीच्या शेजारणीचा आवाज होता. मी नुसतं "बरं" म्हणाले, फोन बाजूला ठेवला आणि बादली भरेपर्यंत धार काढत राहिले. गायीला काय सांगणार होते... सव्वा महिना झाला, आत्ता कुठं मामांबद्दल चार ओळी लिहायचा धीर होतोय.

मामा दौंडकडचे, मी शिरूरची. कारखान्यातली नोकरी सोडून मी गाई पाळायचं ठरवलं तेव्हा घरच्यांनी मला वेड्यात काढलं. मामा तेवढे दुसऱ्या दिवशीच्या एसटीनं येऊन उभे राहिले. पहिली गाय आम्ही एका बंद होणाऱ्या फार्मच्या लिलावात घेतली. माझा आकडा तिसऱ्यांदा पुकारला गेला, त्यावर कोणी बोललं नाही, आणि गाय माझी झाली. इतक्या स्वस्तात गाय मिळाली म्हणून मी हवेतच होते. गाय कितीला पडली, असं मामांनी हळूच विचारलं. मी तोच आकडा सांगितला.

"त्यो घेतल्याचा आकडा. पडली कितीला, ते कळाया येळ हाय."

घरी येऊन त्यांनी माझ्या वहीत दोन रकाने आखले, 'घेतली' आणि 'पडली'. दुसरा उघडाच ठेवायचा. त्यात टेम्पोचं भाडं, जनावर चढवण्या-उतरवण्याची मजुरी, डॉक्टर हे तर आलंच, पण नव्या दावणीला गाय बुजते, पान्हा चोरते, ते न मिळालेलं दूधही त्यातच धरायचं. गायीनं मोकळेपणी पान्हा सोडला, निवांत बसून रवंथ करायला लागली, म्हणजे ती 'बसली'. मग बेरीज मारायची. तोवर मामा दिवसाआड दौंडहून यायचे, गायीसमोर प्लास्टिकची खुर्ची टाकून बसायचे, बिनसाखरेचा चहा प्यायचे आणि निघताना म्हणायचे, "अजून न्हाई बसली."

मला राग यायचा. गाय माझ्या डोळ्यांदेखत रवंथ करत असायची आणि मामा आपलंच घोडं दामटत असायचे. दर फेरीला वहीतली किंमत चढायची. तुमच्या हिशेबानं जगात एकही गाय परवडायची नाही, असं मी एकदा तोंडावर म्हणाले. मग चिडून हेही विचारलं, की तुमचं एसटीचं तिकीट तेवढं का धरत नाही? मामांनी चहाचा कप विसळून पालथा घातला आणि ते गेले.

चौथी गाय, तांबडी, मी एकटीनं लिलावात घेतली. मामांचे गुडघे धरले होते. मला दाखवायचं होतं की आता हिशेब मलाही जमतो, आणि गायही स्वस्त पडते. दुसऱ्याच दिवशी बेरीज मारली आणि फोन केला, गाय बसली, एवढ्याला पडली, आता तुम्ही उन्हातान्हाचं येऊ नका. खरं तर तांबडीनं अजून पान्हा सोडला नव्हता. मी चक्क खोटं बोलले.

"बरं झालं," मामा म्हणाले. "शिकलीस."

ते आले नाहीत. आठवड्याभरात तो फोन आला.

दहाव्याला मी मामीजवळ बसले होते. तांबडी रुळली का, असं तिनं विचारलं. मी मान हलवली. मामी पदराशी चाळा करत म्हणाली, "गाय तर दर बारीला तिसऱ्या दिशीच बसायची. ह्ये घरी यिऊन मला सांगायचं. तुला मातुर न्हाई म्हनायचं. हिसाब मिटला तर पोरीकडं जायाचं कोन्त्या निमतानं, म्हनायचं."

घरी आल्यावर वही काढली आणि तांबडीच्या 'पडली'खालचा आकडा खोडून टाकला. चार गायींत ती मला सगळ्यात महागात पडली, आणि कितीला ते लिहिता येणार नाही. एकदा त्यांना 'या' म्हणायला हवं होतं. फार हवं होतं.

तांबडी आता बादलीभर दूध देते. दुपारी मी तिच्यासमोर तीच खुर्ची टाकते आणि बिनसाखरेचा चहा घेऊन बसते. मला तो मुळीच आवडत नाही. तांबडी डोळे मिटून रवंथ करत असते. मी कप विसळून पालथा घालते आणि आत जाताना म्हणते, "अजून न्हाई बसली, मामा."